धोंड्याच्या वाणातलं ग्राफिक्स कार्ड

आमच्या घरात सील न फोडलेली वस्तू कुणाचीच नसायची. एवढी साधी गोष्ट मला एकविसाव्या वर्षापर्यंत कळली नाही, ही चूक माझी, आणि ती मी मान्य करते. बाकीच्या कुणी आपापली चूक आजपर्यंत मान्य केलेली नाही. नांदेडला तरोडा नाक्याजवळ आमचं तीन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत एक दिवाण, वर गादी आणि खाली पोकळ. त्या पोकळीत आईचं देण्याघेण्याचं सामान असायचं. काचेच्या वाट्यांचे सेट, भिंतीवरची घड्याळं, टॉवेल-टोपीचे जोड, ब्लाउजपीसचे गठ्ठे, एक मिक्सर. कुणाच्या तरी वास्तूला आलेलं कुणाच्या तरी लग्नात जायचं. एक घड्याळ तर आमच्याकडून जाऊन तीन वर्षांनी फिरून आमच्याचकडं आलं, आईनं स्वतः लावलेल्या चिकटपट्टीसकट. तिला राग येईल असं वाटलं, तर ती खूश! "बघ, किती जपून वापरतेत लोकं," म्हणाली. मला अजूनही कुणी खोकं हातात दिलं की मी ते देणाऱ्यासमोर टराटरा फाडते. लोकांना तो अडाणीपणा वाटतो. वाटू दे.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापासून मी एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनला बसायचे. काम म्हणजे भावी नगरसेवकांची डोकी कापणं. मोबाईलवर काढलेल्या फोटोतलं डोकं कापायचं, पांढऱ्या सदऱ्याच्या धडावर बसवायचं, मागं वाघ, आणि खाली शुभेच्छुकांची पंचवीस-तीस तोंडं. सगळी तोंडं एका मापाची पाहिजेत, नाहीतर सकाळी दुकानात भांडण ठरलेलं. दुकानातलं मशीन असलं रडकं होतं की फाइल सेव्हला टाकून मी डबा खाऊन घ्यायचे, भांडं धुऊन यायचे, तरी तो निळा पट्टा अर्ध्यावरच असायचा. मालक दुपारी जेवायला घरी गेला की त्याच मशीनवर मी गाड्या पळवायचा एक जुना गेम खेळायचे. गाडी अडकत, धक्के खात जायची, वळणावर तर चित्रच थांबायचं. पण त्या अर्ध्या तासात मला जे सुख मिळायचं ते घरात कधी मिळालं नाही. घरात मी 'कामासाठी कॉम्प्युटर' एवढंच सांगितलं होतं. गेमचं नाव काढलं असतं तर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हातातला घास खाली ठेवला असता. ते एका शाळेत क्लार्क होते आणि पोरीच्या जातीनं काय करावं याची त्यांच्याकडं पक्की यादी होती. तीत गाड्या पळवणं नव्हतं.

गजूभाऊ नावाचे एक फोटोग्राफर दुकानात बॅनर छापायला यायचे. माझं काम बघून त्यांनीच एकदा सांगितलं, "अर्चना, सोताची मशीन घे. पुढल्या वर्साच्या लग्नसराईचे सगळे अल्बम अन् व्हिडिओ तुला देतो, घरी बसून कर. पण पुढल्या वर्साच्या दिवाळीच्या आत घे. तुळशीचं लगीन लागलं की मला येळ न्हाई, मी दुसरा माणूस बघीन." त्याच आठवड्यात अण्णांनी जेवताना आईला सांगितलं होतं की पोरीचं बी.ए. झालं की स्थळं बघायला सुरुवात करू. मी हात धुतला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, महिन्याला पंधरा हजार घरी बसून कमवून दाखवले तर दोन वर्षं माझ्या लग्नाचा विषय काढायचा नाही. अण्णा "बघू" म्हणाले. आमच्या घरात 'बघू' म्हणजे निम्मा होकार. तेव्हा ते मशीन माझ्यासाठी काय होतं ते वेगळं सांगायला नको. दोन वर्षं होती ती माझी.

वहीच्या शेवटच्या पानावर मी यादी केली. प्रोसेसर, मदरबोर्ड, आठ-आठच्या दोन रॅम, एसएसडी, एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारा डबा, कॅबिनेट, मॉनिटर, आणि सगळ्यात महाग ते ग्राफिक्स कार्ड, ज्याच्यावर व्हिडिओ अन् गेम न अडकता पळतात. सगळं मिळून पासष्ट हजार, त्यात एकट्या कार्डाचे अठ्ठावीस. ती यादी मी इतक्या वेळा खोडली की पान फाटलं. कॅबिनेटचे रंगीत दिवे उडवले, हजार वाचले. मॉनिटर बावीस इंचावर आणला. एसएमपीएसमध्ये मात्र एक पैही कमी केली नाही, कारण तो हलका घेतला की कार्ड कितीही भारी असो, मान टाकतं. वजिराबादेतल्या दुकानात मी कार्डाचा भाव विचारला तर दुकानदार म्हणतो, "म्याडम, भावाला घेऊन या, त्याला समजावून सांगतो." भाऊ नाही मला. "मग मिस्टरांना घेऊन या." तेही नाहीत. मग तो खुर्चीत मागं रेलून हसला, "मग गेमिंगचं कार्ड पाहिजे कामून तुम्हाला?" मी त्याच्या काउंटरवर वहीचं पान आपटलं आणि एसएमपीएस किती वॅटचा लागेल ते त्यालाच विचारलं. त्यानं चुकीचं सांगितलं. मी दुसऱ्या दुकानात गेले.

पैसे साठवून एकदम मशीन घ्यावं, तर घरात रोकड टिकायची नाही. माझे पहिले आठ हजार मावसभावाच्या लग्नातल्या आहेराला गेले, "तुझे म्हंजे घरातलेच," म्हणून. तेव्हापासून मी ठरवलं, पैसे हातात आले की एक वस्तू घ्यायची. मदरबोर्डाला कोण आहेर म्हणून नेणार आहे? दुकानाचा पगार, शिवाय गावोगावच्या जयंतीच्या बॅनरचं रात्रपाळीचं काम, असं करत पंधरा महिन्यांत एकेक खोकं घरी आलं. मी एकही फोडलं नाही. सगळं जमलं की एका दिवशी एकदम फोडायचं, असा माझा हट्ट. मनात त्याचा सोहळाच मांडला होता म्हणा ना. खोकी ठेवायला जागा नव्हती म्हणून आईनं ती दिवाणात टाकली, घड्याळांच्या शेजारी. मी तिला काही बोलले नाही. आता मलाच माझ्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

त्या वर्षी, मॉनिटरचं शेवटचं खोकं घरी आलं आणि लगेच धोंड्याचा महिना आला. माझी मोठी बहीण मनीषा लातूरला दिलेली, लग्नाला दोन वर्षं झाली होती, म्हणजे जावयाचा पहिला धोंडा. दाजी एका क्लासच्या ऑफिसात होते, ॲडमिशनचं बघायचे, आणि बोलायचे असे की जणू अख्ख्या लातूरची पोरं तेच डॉक्टर करतात. आई पंधरा दिवस आधीपासून अनारशाच्या पिठाला लागलेली. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, वाळवले, कुटले. घरभर आंबूस-गोड वास. तेहतीस अनारसे, तेहतीस पुरणाचे धोंडे, तांब्याचं ताट, दिवा. दाजींनी फोनवर आधीच सुचवून ठेवलं होतं, "आई, सोनंबिनं काही नका करू, आजकाल इलेक्ट्रॉनिक वस्तू बरी." आईनं हे मला हसत हसत सांगितलं, तेव्हा मी खसखस निवडत होते. मला वाटलं, मिक्सर देईल.

रविवारी दाजी पाटावर बसले. अण्णांनी त्यांचे पाय धुतले. आईनं कुंकू लावलं, ओवाळलं, आणि जरीच्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेलं एक खोकं ताटावर ठेवून त्यांच्या हातात दिलं. कापडाखालून खोक्याचा हिरवा कोपरा दिसत होता. तो कोपरा मी शंभर वेळा बघितलेला. माझ्या हातातला पाण्याचा तांब्या मी तिथंच ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "आई, ते माझं हाय." खोलीत सगळे हसले. खरंच हसले! दाजींनी कापड बाजूला केलं, खोकं उलटसुलट करून वाचलं, आणि त्यांचे डोळे असे चमकले की मला कळलं, ह्या माणसाला ह्याची किंमत नीट माहीत आहे. "वा! मेव्हणीच्या हातचं वाण म्हणजे डबल मान झाला की आमचा." मी पुन्हा म्हटलं, "दाजी, हसू नका. ते माझ्या कामाचं हाय, द्या इकडं." तशी अण्णांनी माझा दंड धरला आणि मला स्वयंपाकघरात नेलं. ताई ताटं वाढत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घालून पुरणावर तूप सोडायला लागली.

पाहुणे गेल्यावर मी जे बोलले ते इथं लिहिणार नाही. आई एकच धरून बसली, "सील पॅक होतं माय! तुला पाहिजे होतं तर फोडलं कामून न्हाईस? वरीस झालं पडून हाय दिवाणात. तुला दुसरं घेऊन देऊ." मी विचारलं, कशातून घेऊन देणार? अठ्ठावीस हजार कशातून? ती अनारशाचा डबा झाकत म्हणाली, "पैशाचं काय गं, जावयाचा मान एकदाच येतो." अण्णा म्हणाले, "जावयाला दिलेलं परत मागायचं न्हाई. विषय संपला." मी पंधरा महिने रिक्षाचे पैसे वाचवून चालत गेले होते, ऊन-पाऊस बघितला नव्हता, आणि विषय संपला. त्या दोघांचा मला त्या दिवशी जसा राग आला तसा पुढं कुणाचाच आला नाही. दोघंही आता थकलेत, आई माझ्याच हातचं खाते, मी तिला वेळेवर गोळ्या देते. पण तो राग काही गेलेला नाही, आणि तो गेला असं मी का लिहू?

आठ दिवस मी घरी नुसती झोपायला यायचे. नवव्या दिवशी सकाळी दुकानातला स्क्रू-ड्रायव्हर पर्समध्ये टाकला, दुकानात जाते असं सांगितलं आणि लातूरच्या एसटीत बसले. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा एकदा वाटलं, उतरावं आणि परत जावं. गजूभाऊंचा चेहरा आठवला, अण्णांचं 'बघू' आठवलं, आणि मी खिडकीकडंच तोंड करून बसून राहिले. औसा रोडला ताईचं घर. दार तिनंच उघडलं. मला बघून तिला आनंद झाला, आणि मग लगेच मी कशाला आले ते तिला समजलं. ती हळूच म्हणाली, "अर्चे, आता नको गं." मी म्हटलं, "मग कधी?"

दाजी घरीच होते, बनियनवर, कॉम्प्युटरसमोर. कार्ड त्यांनी त्यांच्या जुन्या मशीनमध्ये बसवलं होतं. मला बघताच सुरू झाले, "आलीस का? बरं झालं. कसलं बोगस कार्ड घेतलंस गं? दहा मिनिटं गेम खेळला की मशीनच बंद पडू लालंय. फसवलं तुला दुकानदारानं." मी वाकून कॅबिनेटच्या मागं बघितलं. सातशे-आठशेचा एसएमपीएस, त्यावर धुळीचा थर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं कार्ड न्यायचं, ते असल्या डबड्यात कोंबायचं, वर त्यालाच नावं ठेवायची! मी म्हटलं, "बोगस तुमचा एसएमपीएस हाय, दाजी. कार्डाला पुरंल एवढी वीजच देईना ते. माझं कार्ड मी घेऊन चालले." आणि मशीनची वायर काढून मी फरशीवर मांडी घातली, कॅबिनेटचं झाकण उघडलं. दाजींना पहिल्यांदा गंमत वाटली. दुसरा स्क्रू निघाला तेव्हा त्यांनी माझ्या मनगटाला हात घातला. "हात काढा," मी एवढ्या जोरात ओरडले की आतल्या खोलीतून ताईचे सासरे बाहेर आले.

सासरे म्हणजे शब्द मोजून टाकणारा माणूस. आवाज न चढवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "धोंड्याचं वाण परत न्यायलीस? हे आमच्या घराण्यात आजवर झालं न्हाई. ने. पण मग एकटंच नको नेऊस. तुझ्या बहिणीलाबी घेऊन जा संगं." आत कुकरची शिट्टी झाली. दाजी गालात हसत होते, कारण आता मी कार्ड खाली ठेवणार हे त्यांना माहीत होतं. आणि खरं सांगते, मी ठेवणारच होते. ताईची दया येऊन नाही. ताई घरी परत आली तर अण्णा माझं दोन वर्षांचं 'बघू' दोन मिनिटांत मोडतील, एक पोर घरी बसली म्हणून दुसरीला घाईघाईनं उजवतील, हा हिशोब माझ्या डोक्यात चालला होता. असला हिशोब मी त्या वेळी केला, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली, गॅस बंद केला, नळाखाली हात धुतले. बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्याला पर्स आणि हातात एक पिशवी होती. पिशवी भरायला तिला अजिबात वेळ लागला नाही. ती सासऱ्यांना म्हणाली, "भात झालाय. वरणाला फोडणी द्यायची ऱ्हायली, ती घ्या देऊन." मग मला म्हणाली, "झालं का तुझं काढून? चल." दाजींचं हसू तिथल्या तिथं जिरलं. मी कार्ड ओढणीत गुंडाळलं आणि तिच्या मागं निघाले.

एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली, चांगली घोरली. लोहा आलं तरी जागी झाली नाही. घरी पोचलो तेव्हा आईनं दार उघडलं, आधी माझ्या ओढणीकडं बघितलं, मग ताईच्या पिशवीकडं, आणि कपाळाला हात लावून तिथंच बसली. अण्णा माझ्यावर ओरडले, आईवर ओरडले, शेवटी भिंतीवर ओरडले. ताई म्हणाली, "अण्णा, भूक लागली. आधी वाढू द्या." तिनं तीन भाकरी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळी खोकी दिवाणातून बाहेर काढली आणि फोडली. ताई मोबाईलची बॅटरी धरून माझ्याशेजारी बसली, स्क्रू वाटीत टाकत. माझ्या मनातला सोहळा काही झाला नाही. आई भांडी आपटत होती, अण्णा पेपरात तोंड खुपसून होते, आणि दुपारी तीनला मशीन सुरू झालं. संध्याकाळी मी गाडी पळवली. वळणावर चित्र थांबलं नाही. ताईनं विचारलं, "मला दे की जरा," आणि तिनं पहिल्याच फेरीत गाडी दरीत घातली आणि एवढी हसली की आईनं आतून विचारलं, काय झालं.

सोळा दिवसांनी दाजी न्यायला आले. बापाला न सांगता आले होते म्हणे. आईनं लगेच शिरा टाकला, अण्णांनी खुर्ची पुसली. मी अल्बमच्या कामात होते, गजूभाऊंनी उन्हाळ्यातलं राहिलेलं एक लग्न आधीच पाठवलेलं. मी खुर्चीतून उठले नाही. दाजी मॉनिटरकडं बघत म्हणाले, "झालं का समाधान?" मी म्हटलं, "झालं. तुमच्या एसएमपीएसचं काय केलंत?" त्यानंतर आमचं बोलणं नाही, आजतागायत. ताईनं त्यांच्याशी गच्चीवर अर्धा तास काय बोलणं केलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. खाली आली आणि तिनं पिशवी भरली.

मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले. दाजी पुढं चालत होते. मला फार बरं वाटत होतं. मशीन सुरू, काम सुरू, कार्ड माझं, आणि ताईही आपल्या घरी चाललेली, म्हणजे अण्णांना बोलायला काही उरलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "बघ, झालं ना सगळं नीट?" ताई थांबली. डोक्यावरचा पदर नीट केला. म्हणाली, "दोन वर्सं झाली मला तिथं जाऊन. तू एकदाबी आली न्हाईस. आलीस ती कार्डासाठी. कार्ड नसतं गेलं तर आली असतीस का गं माझ्यासाठी?" तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं विचारत होती.  दाजींनी रिक्षातून हाक मारली. ती गेली. मी घरी आले आणि राहिलेला अल्बम पुरा केला, कारण तो दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.